दुपारी दोनला बंद होणारी नदी

बाबा, इथे नदी दुपारी दोनला बंद होते. थट्टा नाही करत. पुलाच्या कठड्याला चक्क पिवळा कागद चिकटवलाय, दोननंतर पाण्यात गळ टाकायचा नाही, टाकलात तर दंड. पहिल्या दिवशी तो कागद वाचून मी गाडीत हसत सुटले. तुमच्या नातीला म्हटलं, "अगं, ही नदी आहे की बँक?" ती काही हसली नाही. "आई, इट्स नॉट फनी," म्हणाली आणि गाडी पुढे काढली. संध्याकाळी शॉमबर्गला आमच्या घरी ह्यांना फोन करून सांगितलं, तर हे म्हणाले, पुण्याची नदी असणार ती, एक ते चार झोपत असेल. आम्ही दोघं फोनवर हसलो. आता ते हसणं आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

ही नात तुम्ही पाहिली नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा ती पोटातसुद्धा नव्हती. तुम्हाला केवढी हौस होती, कंपाउंडरच्या घरात एक तरी डॉक्टर व्हावा. झाला बरं का, पण माशांचा. मोंटाना नावाच्या राज्यात, जिथे माणसांपेक्षा गाई जास्त, तिथे सरकारी नोकरीत नदीतले मासे मोजते, त्यांची तब्येत पाहते. ट्राउट म्हणून मासा असतो इथला, अंगावर ठिपके, पोटाशी पिवळसर, फार देखणा. जगभरातून माणसं येतात त्याला धरायला. आणि धरून काय करतात, माहितेय? सोडून देतात! आधी दोरा आणि पीस गुंडाळून खोटा किडा बनवायचा, त्याला हे फ्लाय म्हणतात, तो लांब काठीने पाण्यावर नाचवायचा, बिचारा मासा फसला की दमवून दमवून काठाशी आणायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि परत पाण्यात. ऐकून मी आ वासून बघत राहिले. खायचा नाही तर धरायचा कशाला? तुमचंच वाक्य, बाबा, माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. लेक म्हणाली, "दॅट्स द होल पॉइंट, आई. तो जगतो." मग म्हणाली, "जगायचा. या समरपर्यंत."

दुसऱ्या दिवशी तिने मला नदीवर नेलं. दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला, थोड्या वेळाने वर ओढून डोळ्यांजवळ नेला आणि तिचा चेहरा उतरला. मला तुम्हीच दिसलात हो. दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहून, काचेची नळी उजेडात तिरकी धरून, बाकावर पोर घेऊन बसलेल्या आईला "आहे थोडा, आहे" असं सांगणारे. मी पाण्यात पाय घातला. आपल्या गावच्या डोहाच्या मानाने थंडगार पाणी! म्हटलं, "एवढं गार तर आहे, कसला ताप?" ती म्हणाली, "तुला गार. त्यांना फीव्हर आहे." पाऊस नाही, डोंगरावरचा बर्फ लवकर वितळून गेला, नदी खडकांच्या हाडांवर आली होती. कोमट पाण्यात श्वास पुरत नाही त्यांना. अशा पाण्यात कुणी धरून दमवलं की मासा सोडल्यावर पोहत जातो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि तासाभराने कुठेतरी खाली जाऊन मरतो. म्हणून ऊन चढायच्या आत, दोनला, नदी बंद. गावातले लोक त्याला घुबडाचा नियम म्हणतात, कारण मासे धरायचे ते मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतच, घुबडाच्या वेळेला. घुबडाचं नाव ऐकूनच मी मनात रामाचं नाव घेतलं.

तिथेच वळणावर एक गार झरा नदीला मिळतो. त्याच्या तोंडाशी सगळे मासे दाटीवाटीने उभे होते, तुमच्या खिडकीपुढे औषधाच्या बाटल्या घेऊन माणसं उभी असायची तसे. लेक गुडघे टेकून बसली आणि मला दाखवलं की दमलेला मासा सापडला तर काय करायचं. दोन्ही हात ओले करायचे, पोटाखाली धरायचं, गार पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे करून उभं राहायचं, घाई करायची नाही. "कधी कधी येतो परत," ती म्हणाली. मी मान डोलावली. मला वाटलं, या मुलीला माशांची एवढी माया आणि स्वतः किती दिवस धड जेवलेली दिसत नाही.

जेवण्यावरून आठवलं, खरी गोष्ट त्या घरमालकाची आहे. लेक भाड्याने राहते ते एका म्हाताऱ्याचं घर. तो शेजारच्या घरात राहतो, एकटाच, बायको वारली. उभा जन्म नदीवर गेलेला. गाइड आहे, पाहुण्यांना होडीत बसवून मासे धरायला नेतो, आणि ते खोटे किडे स्वतःच्या हाताने बनवतो. त्याच्या जॅकिटला एक आर्टरी फोरसेप, ऑपरेशनचा तो लांब चिमटा, लटकत असते, अगदी तुमच्यासारखी, दवाखान्यातून बाद झालेली ती नाही का तुम्ही गळ सोडवायला वापरायचात! ती पाहिल्याबरोबर मला तो म्हातारा आवडला. इथे नवीन आली तेव्हा लेकीला होडी वल्हवायला त्यानेच शिकवलं, थँक्सगिव्हिंगच्या सणाला स्वतःच्या टेबलावर बसवलं. आणि आता पंधरवडाभर तो तिच्याशी बोलत नव्हता. कारण दोनचा कागद पुरेसा नाही, नदीचा खालचा सगळा भाग दिवसभर बंद करा, असं माझ्या लेकीने वर कळवलं होतं. गुरुवारी शाळेच्या जिममध्ये गावाची सभा ठरली होती. म्हातारा उभा राहून विरुद्ध बोलणार आणि सगळे गाइड त्याच्या मागे जाणार, हे ठरलेलंच. ती म्हणाली, "त्याने नाही म्हटलं तर माझं कोण ऐकणार, आई? मी आउटसायडर आहे. एव्हरीबडी लव्ह्ज हिम." आणि नदी उघडी राहिली तर? "तर सप्टेंबरमध्ये मोजायला काही उरणार नाही. मग मी इथे राहून काय करू?" बाबा, माझी हसरी मुलगी हे अगदी सपाट आवाजात म्हणाली.

मला राहवेना. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. शेजारी भांडण असेल तर आपल्याकडे काय करतात? जेवायला बोलावतात. मी तिला न विचारता म्हाताऱ्याच्या दारात गेले आणि म्हटलं, मंगळवारी संध्याकाळी जेवायला या, मी भारतातून आले आहे, नाही म्हणायचं नाही. शॉमबर्गहून आले म्हटलं असतं तर आला नसता. बिचारा टोपी काढून "येस, मॅम" म्हणाला. लेकीने कपाळाला हात लावला. "आई, यू डिडन्ट!" म्हटलं, आय डिड.

मंगळवारी दुपारी ती कामावर होती आणि चिकन फ्रिजमध्ये वितळत होतं. मी पाय मोकळे करायला नदीकाठी गेले. चार वाजले असतील. पूर्ण नदीवर चिटपाखरू नाही. एवढी नदी आणि एक माणूस नाही, हे दृश्य आपल्या लोकांना सोसत नाही, मला तर भीतीच वाटली. आणि काठाच्या उथळ पाण्यात मला तो दिसला. हाताच्या कोपरापर्यंत भरेल एवढा मोठा ट्राउट, कुशीवर, पांढरं पोट उन्हात. तोंडाच्या कोपऱ्यात एक फ्लाय अडकलेला, तुटक्या दोऱ्यासकट. मी पदर खोचावा तशी पँट दुमडली, पाण्यात उतरले आणि तो उचलला. ताजा होता, डोळे स्वच्छ. माझ्या मनात तेव्हा एकच विचार, बाबा, एवढं अन्न वाया जाणार? आणि दुसरा लगेच, नदीवरच्या माणसाला नदीचा मासा घालण्यासारखा दुसरा मान कुठला! चिकन राहिलं बाजूला.

तिच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात मी किती दिवसांनी मनापासून रांधलं. ट्राउटला खवले नसल्यातच जमा, पण बाकी सगळं तुमच्या शिस्तीने केलं. पिशवीत माझी तिरफळं होती, आमसुलं होती, नारळाचं दूध डब्यातलं. तोंडातला तो फ्लाय अलगद काढला. काय नाजूक काम, बाबा! केशरी दोरा, करड्या पिसाचा गळपट्टा, कानातल्या कुडीएवढा. टाकवेना, म्हणून धुऊन एका स्टीलच्या वाटीत घालून सिंकवरच्या खिडकीत ठेवला. मुंडकं वेगळं काढून कालवणात नीट राहील असं सोडलं. पाहुण्याच्या ताटात मुंडकं गेलंच पाहिजे. तुमच्या ताटात बघत मी मोठी झाले.

लेक आली ती वासाने खूश होऊन. झाकण उचललं. "आई, सॅमन आणलास? कॉस्टकोतून?" म्हटलं, कॉस्टकोच्या दुकानातून कशाला, नदीवरून आणलाय. तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. बाबा, मी माणसं पांढरी पडलेली पाहिली आहेत, पण माझी सावळी मुलगी अशी फटफटीत झालेली कधी पाहिली नव्हती. या नदीतला ट्राउट ठेवून घ्यायला मुळात परवानगीच नाही म्हणे. त्यात दुपारी दोननंतर. त्यात नियम करणारीच्या घरात. त्यात गुरुवारी सभा. "दे विल से माझ्या आईने बंद नदीतून मासा मारला. आई, मी संपले." मी म्हणाले, अगं मी मारला कुठे, मला मिळाला! ती भांडं उचलून मागच्या दाराकडे निघाली आणि त्याच वेळी पुढच्या दारावर टकटक झाली. ती भांडं परत शेगडीवर ठेवून माझ्या कानाशी म्हणाली, "हा स्टोअरमधला आहे. एक शब्द बोलू नकोस."

म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. केस पाण्याने बसवलेले, हातात रानटी फुलं. मला रडूच यायचं बाकी होतं. आम्ही तिघं जेवायला बसलो आणि लेक गप्प, मी गप्प, मी गप्प म्हणजे काय चीज असते ते तुम्हाला माहीत. मी त्याच्या ताटात मुंडकं वाढलं. लेकीने डोळे मिटून घेतले. त्याने काही ओळखलं नाही. लाल-केशरी रश्शात सगळी मुंडकी सारखीच दिसतात. चवीने जेवायला लागला, कपाळावर घाम, नाक पुसतोय, आणि म्हणतोय की बायको गेल्यापासून असं कुणी वाढलं नाही. मग बोलता बोलता तोच विषय निघाला, निघणारच. लेकीकडे न बघता म्हणाला, "मी त्या पाण्यावर म्हातारा झालो. तू म्हणतेस ते मरताहेत. मला एक मेलेला मासा दाखव, पोरी. एक. मी गुरुवारी तोंड उघडणार नाही." लेक म्हणाली, ते बुडतात, कोल्हे नेतात, पक्षी नेतात, सापडत नाहीत. तो म्हणाला, सोयीचं आहे. आणि मग एकदम त्याचा चेहरा उजळला. आज सकाळीच त्याच्या होडीतल्या पाहुण्याने एक असा मोठा मासा लावला होता म्हणे, की त्याने वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता. पाहुण्याला सोडवेना, खेळवत बसला, म्हातारा दोरा ढिला सोड सोड म्हणून ओरडत राहिला, शेवटी दोरा तुटला. "गेला," म्हातारा हसत म्हणाला. "माझा फ्लाय तोंडात घेऊन. आत्ता वळणाखाली बसून हसत असेल आम्हाला."

मी लेकीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. खिडकीतल्या वाटीचं तिला माहीतच नव्हतं. बाबा, मी उठायला हवं होतं. मी उठले नाही. जेवण संपलं, त्याची बोटं रश्शाने माखलेली, आणि तो मोठ्या शिष्टाचाराने "मे आय?" म्हणून हात धुवायला सिंकशी गेला.

नळ सुरू झाला आणि तसाच वाहत राहिला. बराच वेळ. मग बंद झाला. तो वाटी घेऊन टेबलाशी आला. चष्मा काढला, परत घातला, त्या फ्लायची गाठ नखाने फिरवून पाहिली. आवाज अगदी हळू. "हे कुठून आलं?" लेकीने तोंड उघडलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती तिने, पण तिला खोटं येत नाही, कधीच आलं नाही. मला एक शब्द बोलायचा नव्हता ना? मी नाही बोलले. मी त्याच्या ताटाकडे बोट दाखवलं.

त्या माणसाचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. ताटात स्वच्छ चोखलेल्या हाडांचा ढीग, जबडा तेवढा अख्खा. तो खुर्चीत बसला म्हणण्यापेक्षा कोसळला. मग म्हणाला, "मेलेला होता?" आणि लेकसुद्धा माझ्याकडे वळली. तिच्यासाठी याच प्रश्नावर सगळं होतं, नोकरी, नदी, तो म्हातारा. मराठीत विचारलं तिने, "आई, खरं सांग. मेलेला होता ना? आधीच?" मी म्हटलं, "हो. मेलेलाच. वर तरंगत होता." त्याला इंग्रजीत परत सांगितलं. डेड. फ्लोटिंग. म्हातारा हातांनी तोंड झाकून बसला. मग एवढंच म्हणाला, "मला वाटलं तो हसतोय."

बुधवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर त्याने होडी शेडमध्ये लोटून तिच्यावर ताडपत्री ओढली होती. गुरुवारी जिममध्ये तो उभा राहिला, टोपी हातात, आणि टोपीच्या पट्टीला तो केशरी फ्लाय टोचलेला. कालवणाचं काही बोलला नाही. म्हणाला, माझा मासा मेला, माझ्या होडीतून सुटून गेलेला, पोरगी बरोबर आहे. बस्स. विरुद्ध बोलायला आलेले गाइडही त्याच्याच मागे गेले. कालपासून खालची नदी दिवसभर बंद आहे. रात्री लेक त्याच्या ओसरीवर बसून बीअर पीत होती आणि दोघं कशावरून तरी भांडत होती, जुनं भांडण, चांगलं भांडण. ती हसल्याचा आवाज आला तेव्हा मी सिंकशी उभी राहून तोंडात बोळा कोंबून रडले.

तुम्हाला तो रविवार आठवतो का, बाबा? डोहावरून मरळ आणली होती. मला म्हणालात, बादलीत पाणी घाल. मी हो म्हटलं आणि सागरगोटे खेळायला पळाले. मरळ चिवट, कोरड्या बादलीत दुपारभर तोंड उघडत मिटत राहिली. तुम्ही मला शोधून आणलंत, हात उगारला नाहीत. बादलीपुढे उभं केलंत आणि म्हणालात, "श्वास रोखून धर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही." मी धरला. छाती फुटायला आली, डोळ्यांपुढे काळं, आणि तुम्ही सांगतच नव्हतात. शेवटी मी भसकन श्वास सोडून रडायला लागले. तेव्हा म्हणालात, "ती दुपारपासून अशी आहे." मग एक गोल दगड घेतलात आणि डोळ्यांच्या मागे एकच घाव. "धरलंस तर तिष्ठत ठेवू नये." त्यानंतर जन्मात मी मासा तडफडू दिला नाही. आईसुद्धा म्हणायची, हिचा हात हलका आहे.

उद्या माझं विमान आहे. लेक अजून झोपली आहे, या घरात आल्यापासून पहिल्यांदा इतक्या उशिरापर्यंत. हे पत्र इथे ठेवता येणार नाही, तिला मराठी वाचता येतं, अक्षर लावून लावून, मीच शिकवलंय. ह्यांनाही दाखवणार नाही. घडी करून पर्समध्ये ठेवीन आणि शॉमबर्गला गेले की फाडीन. पण लिहायचं होतं ते अजून लिहिलंच नाही.

तो ट्राउट पडला होता तिथून गार झरा हाकेच्या अंतरावर होता. हात ओले करून कसं धरायचं, ते लेकीने मला आदल्याच दिवशी दाखवलं होतं. कदाचित आला असता परत, कदाचित नसता, तीच म्हणते कधी कधी येतो. मी उचलला तेव्हा त्याचे कल्ले हलत होते, बाबा. आणि दगड मला शोधावासुद्धा लागला नाही.